याक-५२ पाळायचं तर: आधी हवा, मग तेल, हौस शेवटी

याक-५२ या सोव्हिएत प्रशिक्षण विमानात हायड्रॉलिक पंप नाही आणि विजेचा स्टार्टरही नाही. चाकं वर घेणं आणि खाली सोडणं, फ्लॅप, ब्रेक, शिवाय इंजिन फिरवून सुरू करणं, ही सगळी कामं दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाबाच्या हवेवर चालतात. पीएसआयमध्ये हा आकडा सातशेच्या वर जातो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतात. तरीही हे विमान घेतल्यावर बहुतेक मालक पहिल्या वर्षी रेडिओ, नवे डिस्प्ले आणि रंग यांवर पैसे घालतात आणि हवेचे पाइप तसेच राहतात. खरं तर पहिला पैसा हवेवर जायला हवा, दुसरा तेलावर. उरलं तर हौस.

थोडी ओळख. हे विमान १९७६ साली पहिल्यांदा उडालं. सोव्हिएत संघात दोसाफ या निमलष्करी संस्थेच्या क्लबांमध्ये तरुणांना सैन्यात जाण्याआधी उड्डाण शिकवायला ते वापरलं जाई. रचना याकोव्हलेव्हची, बांधणी रोमानियातल्या बाकाउ शहरात, एकूण सुमारे १,८०० विमानं. इंजिन एम-१४पी: नऊ सिलिंडरचं गोल रेडियल, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावलेलं, ३६० अश्वशक्तीचं. सोव्हिएत संघ मोडल्यावर ही विमानं अमेरिका आणि ब्रिटनमधल्या खाजगी मालकांकडे मोठ्या संख्येने गेली. नानचांग सीजे-६ए हा त्याचा चिनी चुलतभाऊ. त्याच्यातही हवेचीच व्यवस्था आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यालाही लागू पडतं. मात्र इंजिन वेगळं असल्याने आकडे त्याच्याच मॅन्युअलमधून घ्यायचे.

कागदांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ही विमानं एक्सपेरिमेंटल एक्झिबिशन (प्रायोगिक, प्रदर्शनासाठीची विमानं) या वर्गात उडतात. दर बारा महिन्यांनी कंडिशन इन्स्पेक्शन लागतं आणि त्यावर सही ए अँड पी मेकॅनिकची, म्हणजे विमानाचं अंग आणि इंजिन या दोन्हींचा परवाना असलेल्याची. मालक त्याच्या देखरेखीखाली पाने-पक्कड चालवू शकतो. ब्रिटनमध्ये परमिट टू फ्लाय. विमानासोबत आलेल्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स किंवा परमिटच्या अटी शब्दन् शब्द वाचा, कारण कोणता बदल कळवायचा आणि कोणत्यानंतर पुन्हा चाचणी उड्डाणं करायची, ते तिथेच लिहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट: सोव्हिएत पद्धतीत इंजिन, प्रोपेलर, कॉम्प्रेसर, जनरेटर अशा प्रत्येक भागाचा स्वतःचा रशियन पासपोर्ट असतो. विकत घेताना त्यावरचे सिरियल नंबर प्रत्यक्ष भागांशी ताडून पाहा. नंबर जुळला नाही तर त्या भागाचे वापरलेले तास शून्य धरू नका, आयुष्य संपलं असं धरा.

हवा

आधी हवेचा रस्ता डोक्यात पक्का बसवा. इंजिनवरचा एके-५०टी कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती पाणी आणि तेल गाळणाऱ्या सेपरेटरमधून आणि एकदिशा व्हॉल्व्हमधून मुख्य बाटलीत जाते. आणीबाणीसाठी वेगळी लहान बाटली असते. दोन्हींचे काटे कॉकपिटमध्ये दिसतात. मुख्य बाटलीपुढे कॉकपिटातला मुख्य व्हॉल्व्ह आणि त्यापुढे चाकं, फ्लॅप, ब्रेक आणि स्टार्ट यांच्या वाटा.

गळतीची परीक्षा अशी. संध्याकाळी दोन्ही बाटल्या ५० वर आणा, मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, हँगरचं तापमान लिहून ठेवा. सकाळी व्हॉल्व्ह उघडून काटा वाचा. ४७ दिसले म्हणून लगेच पाने काढू नका. संध्याकाळी ३० अंश आणि सकाळी १० अंश असतील तर हवेचा एक कणही न गळता काटा साधारण साडेतीनने उतरतो, कारण थंड हवा आकसते. त्याहून जास्त उतरला तर ती गळती, आणि ती बाटलीच्या बाजूची: बाटलीचे जोड, भरायचं निपल किंवा कॉम्प्रेसरकडचा एकदिशा व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरच्या गरम, तेलकट हवेने काजळतो आणि नीट बसेनासा होतो. रात्री बाटलीतली हवा उलट्या वाटेने कॉम्प्रेसरकडे निघून जाते.

बंद व्हॉल्व्हवर काटा टिकला पण उघडल्यावर उतरू लागला, तर चोर पुढे आहे. एकेक वाट तपासा. फ्लॅप वर करून अर्धा तास, खाली करून अर्धा तास. मग एकाने ब्रेकचा लिव्हर दाबायचा आणि पॅडल आधी सरळ, मग डावीकडे, मग उजवीकडे ठेवायचे. दुसऱ्याने चाकापाशी बसायचं. या विमानात ब्रेकचा लिव्हर स्टिकवर असतो आणि कोणत्या चाकाला जास्त हवा द्यायची ते पॅडल ठरवतात. त्यामुळे सू असा आवाज एकाच बाजूला आला तर त्या चाकाची होस किंवा सील, आणि दोन्ही स्थितींत कॉकपिटमध्येच आला तर वाटप करणारा व्हॉल्व्ह. चाकांच्या ‘वर’ स्थितीची परीक्षा जमिनीवर करायची नाही, ती फक्त जॅकवर.

जागा शोधायला हँगरमध्ये शांतता हवी. कंप्रेसर, पंखे आणि रेडिओ बंद. मीटरभर लांबीची प्लॅस्टिकची नळी एका कानाला लावून दुसरं टोक जोडांवरून फिरवा, संशयाच्या जागी ब्रशने साबणाचं पाणी लावा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो. लहान गळतीत मात्र मिनिटभराने नटाच्या कडेला मोहरीएवढा फेस जमतो, म्हणून घाई करू नका. काम झाल्यावर साबण पुसून घ्या, नाहीतर तिथेच गंज धरतो. दाबाखालचा नट कधीही आवळायचा नाही. आधी हवा सोडायची. आवळताना दोन पाने: एकाने जोड धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने अ‍ॅल्युमिनियमचा पाइप पिळला जातो आणि महिन्याभरात त्याच पिळावर तडा जातो.

एखाद्या व्हॉल्व्हमधली एक रबरी रिंग गळाली तर त्या व्हॉल्व्हमधल्या सगळ्या बदला. सगळ्यांचं वय सारखंच असतं. मापं मेट्रिक आहेत. जवळपास बसणारी इंची ओ-रिंग पहिल्या दिवशी चालते आणि थंडीत गळते. नटबोल्टांचंही तेच. एम६ च्या जागी पाव इंची बसवायचा मोह झाला तर हातातला पाना खाली ठेवा.

आता पाणी. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. १० लिटरची बाटली ५० दाबाला भरायला अर्धा घनमीटर हवा लागते, म्हणजे १२ ग्रॅम पाणी. दाबाखाली जवळजवळ सगळं पाणी होऊन गळून पडतं. एका भरण्यात दोन चमचे. सेपरेटर ते अडवतो, पण त्याची जागा लहान आहे. म्हणून दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की, पाइपांत दाब असतानाच, सेपरेटरचा ड्रेन उघडा. आधी दुधाळ, साययुक्त चहासारखं पाणी आणि तेल येतं, मग नुसती हवा. नुसती हवा येईपर्यंत उघडा ठेवायचा. पाणी गंजलेल्या रंगाचं आलं तर बाटली आतून सडायला लागली आहे. हेच पाणी उंचावरच्या थंडीत व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि चाकांचा लिव्हर हलवूनही काही होत नाही. बाटलीतला गंज सुटून पुढे आला की प्रत्येक सीलवर बारीक वाळू घासल्यासारखा परिणाम होतो. दमट किनाऱ्यावर विमान ठेवणाऱ्यांनी बाटल्यांचा तळही दर ५० तासांनी रिकामा करावा आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी. मूळ पोलादी बाटलीच्या जागी स्टेनलेस स्टीलची बसवणं हा या विमानातला सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत उपयोगी बदल आहे.

जमिनीवरून हवा भरायला डायव्हिंगचं सिलिंडर चांगलं, कारण त्यातली हवा कोरडी असते. पण त्यात २०० चा दाब असतो. मध्ये रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवेतच, रेग्युलेटर ५० वर लावलेला. १२ लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमधून मुख्य बाटली २० वरून ५० ला साधारण पाच वेळा नेता येते. कोरडा नायट्रोजनही चालतो. ऑक्सिजन कधीही नाही: पाइपांत तेलाचा थर असतो, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल भेटले की स्फोट होतो. वेल्डिंगवाल्याच्या गाड्यावर सिलिंडरं शेजारी शेजारी उभी असतात, तिथे रंग आणि लेबल दोनदा वाचा.

चाकांच्या खाली हात घालायच्या आधी दोन्ही बाटल्या रिकाम्या करा आणि चाकांच्या लिव्हरची खीळ लावा. वार्षिक तपासणीत विमान जॅकवर घेऊन चाकं किमान पाच वेळा वर-खाली करा. पाहायचं काय? तीनही पाय लॉक होण्याचा ठक असा वेगळा आवाज, कॉकपिटमधले तीन दिवे आणि पंखांवर व नाकावर वर येणाऱ्या यांत्रिक काड्या. दिवा लागतो पण काडी पूर्ण वर येत नाही, असं झालं तर काडीवर विश्वास ठेवा. शेवटी मुख्य हवा शून्य करून आणीबाणीच्या बाटलीने चाकं खाली काढून दाखवा. ही परीक्षा वर्षानुवर्षं टाळलेली विमानं बाजारात असतात. (पोटावर उतरल्याने या विमानाचं फार बिघडत नाही हे खरं, कारण आत घेतलेली चाकंही पंखाखाली अर्धी बाहेर राहतात. पण प्रोपेलर लाकडी आहे आणि तो गेला म्हणजे इंजिन उघडावं लागतं.)

तळातलं तेल

रेडियल इंजिनात काही सिलिंडर उलटे लटकलेले असतात. एम-१४पी मध्ये पहिला सिलिंडर माथ्यावर, त्यामुळे ५ आणि ६ अगदी तळाला, ४ आणि ७ त्यांच्या शेजारी. इंजिन उभं राहिलं की तेल रिंगांमधून पाझरून या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. अशा स्थितीत हवेचा स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. घात असा की बहुतेक वेळा इंजिन तरीही सुरू होतं. वाकलेला रॉड पुढे कधीतरी उड्डाणात तुटतो.

म्हणून दोन तासांहून जास्त उभं राहिलेलं इंजिन आधी हाताने फिरवायचं. चाकांना ठोकळे, दोन्ही मॅग्नेटो (स्पार्क प्लगना वीज देणारी यंत्रं) बंद, इंधन बंद, मुख्य हवा बंद, कॉकपिटमध्ये कोणी नाही. प्रोपेलर तरीही जिवंत आहे असंच समजून उभं राहायचं. फिरण्याची दिशा कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या उलट, म्हणजे विमानासमोर उभं राहिलं तर घड्याळाच्या दिशेने. सेसना विमानावरून आलेले लोक सवयीने उलटं ढकलतात, कारण तिचा प्रोपेलर याच्या उलट फिरतो. (फिरण्याच्या याच दिशेमुळे टेकऑफला इथे डावं पॅडल दाबावं लागतं.) उलटं फिरवलं की तेल उघड्या इनटेक (हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हमधून खालच्या इनटेक पाइपात ढकललं जातं, हाताला मोकळं लागतं, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल परत सिलिंडरात ओढलं जातं. वाकलेल्या रॉडचं हे नेहमीचं कारण आहे.

किती पाती फिरवायची, म्हणजे किती वेळा पातं समोरून जाऊ द्यायचं, याचा हिशेब सोपा आहे. नऊही सिलिंडरांची एक फेरी व्हायला क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे लागतात. गिअर ०.६५८ चा (क्रँकच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचा तेवढाच फेरा), म्हणजे प्रोपेलरचे १.३ फेरे, दोन पात्यांच्या मूळ प्रोपेलरवर सुमारे २.६ पाती. तीन पात्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा दाबून होतो. दोनदा खात्री करायला सहा पाती. तीन पात्यांचा प्रोपेलर बसवला असेल तर आठ. हळू फिरवा, तळव्याने, बोटं पात्याच्या कडेमागे न अडकवता. दर पात्यामागे कॉम्प्रेशनचा मऊ, रबरी विरोध जाणवतो आणि तो हळूहळू सुटतो. तेलाचा विरोध भिंतीसारखा लागतो आणि सुटत नाही. तसा लागला की जोर लावायचा नाही, मागेही न्यायचं नाही. ४, ५, ६ आणि ७ या सिलिंडरांचा एकेक स्पार्क प्लग काढा, खाली भांडं धरा, पुन्हा सरळ दिशेने फिरवा. कपभर तेल निघालं तरी आश्चर्य नाही. मग तळाचे इनटेक पाइपही रिकामे करा.

त्यासाठी तळाच्या इनटेक पाइपांना ड्रेन बसवून घेतात, आणि तो बदल केल्याशिवाय हे इंजिन चालवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. उड्डाणानंतर ड्रेन उघडा सोडायचा, खाली भांडं. पुढच्या उड्डाणाआधी किती साचलं ते पाहून बंद करायचा. पण बसवताना त्यातला धोकाही समजून घ्या. इंजिन आयडलवर असताना इनटेकमध्ये ओढ असते, गळका ड्रेन बाहेरची हवा आत घेतो आणि ते सिलिंडर पातळ मिश्रणावर तापतात. पूर्ण पॉवरला सुपरचार्जरमुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा तोच ड्रेन गरम काउलिंगमध्ये (इंजिनभोवतीच्या आवरणात) पेट्रोलची वाफ फेकतो. म्हणून चांगला लॉक होणारा ड्रेन, आगीला टिकणारी होस आणि दर २५ तासांनी क्लॅम्पची तपासणी.

काही जण तेल पाझरू नये म्हणून टाकीच्या पाइपावर बंद करायचा व्हॉल्व्ह लावतात. कल्पना वाईट नाही, पण तो बंद राहून इंजिन सुरू झालं तर मिनिटभरात इंजिन जातं. लावायचाच असेल तर तो उघडल्याशिवाय स्टार्टच होणार नाही अशी जोडणी हवी. कॉकपिटमध्ये लाल फीत लटकवून भागत नाही. फीत महिन्याभरात मळते आणि दिसेनाशी होते.

तेल एअरोशेल डब्ल्यू१०० किंवा तत्सम. सोव्हिएत काळात एमएस-२० वापरत. मूळ जाळीच्या गाळण्यावर दर २५ तासांनी तेल बदला. बाहेरून स्पिन-ऑन फिल्टर बसवला असेल तर ५०. जाळीतला गाळ पांढऱ्या कापडावर पसरून चुंबक फिरवा. बारीक राखाडी चिखल चालतो. चुंबकाला चिकटणारे सपाट तुकडे म्हणजे गिअर किंवा बेअरिंगचं पोलाद. न चिकटणारे सोनेरी कण बुशचे. यांपैकी काहीही दिसलं तर उड्डाण बंद. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, जास्तीचं तेल ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) विमानाच्या पोटावर पसरतं आणि मग खरी गळती ओळखता येत नाही.

पाच अंशांखाली इंजिन बाहेरून तापवल्याशिवाय सुरू करू नये. रन-अपच्या (उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून पाहण्याच्या) आधी तेल ४० अंश आणि सिलिंडर हेड १२० अंश व्हायलाच हवं. फार वेळ मंद आयडलवर ठेवलं की तळाचे प्लग तेलाने माखतात. म्हणून इंजिन बंद करण्याआधी हेड गार होऊ द्या आणि २०-३० सेकंद आरपीएम थोडे वाढवून प्लग जाळून स्वच्छ करून घ्या.

न पेटणारा सिलिंडर शोधणं

आरपीएमचा काटा या विमानात टक्क्यांत असतो. ७० टक्क्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून पाहायचा. ३ टक्क्यांहून जास्त घसरण नको. घसरण मोठी आणि थरथर असेल तर प्लग किंवा वायर. घसरण मोठी पण गुळगुळीत असेल तर टायमिंगकडे पाहा. घसरण अजिबातच नसेल तर आनंद मानू नका, तो मॅग्नेटो स्विचने बंदच होत नसण्याची शक्यता आहे. अशा विमानाचा प्रोपेलर हाताने फिरवणं म्हणजे भरलेल्या बंदुकीची नळी पुसणं.

दोषी सिलिंडर शोधायला थंड इंजिन घ्या. वाईट मॅग्नेटोवर ३०-४० सेकंद चालवा, त्याच मॅग्नेटोवर बंद करा आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने नऊही एग्झॉस्टच्या मुळाशी मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड लागतो. त्याचा त्या बाजूचा प्लग काढून शेजारच्या सिलिंडरला लावा आणि पुन्हा चालवा. दोष प्लगसोबत सरकला तर प्लग, जागीच राहिला तर वायर.

मूळ रशियन प्लग आणि शील्ड केलेला हार्नेस (प्लगच्या वायरींचा जुडगा) जुना झाला की ओलाव्यात स्पार्क गळतो. पश्चिमेत अ‍ॅडॉप्टर लावून मोटारगाडीचे प्लग वापरण्याचे संच मिळतात आणि ते बरे चालतात. पूर्ण संच, अठराही प्लग, नवा हार्नेस, एकाच हीट रेंजचे, एवढी अट पाळा. अर्धे जुने अर्धे नवे केलं तर दोष शोधण्यात आठवडे जातात. शील्डिंग नसलेल्या वायरी लावल्या तर रेडिओवर खरखर येते, तीही धरून चला.

शेपटीत काय पडलंय

याकच्या पाठीमागच्या सीटच्या मागे शेपटीपर्यंत पोकळी मोकळी असते आणि एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीची) यंत्रणा त्यातूनच जाते. कलाबाजी करताना खिशातलं नाणं, पेन, जमिनीवर विसरलेलं हत्यार सगळं तिकडे सरकतं. २००३ साली ब्रिटनमध्ये एका याक-५२ मध्ये स्क्रूड्रायव्हर कंट्रोलमध्ये अडकून दोघांचा जीव गेला. उपाय दोन. एक, सीटमागे कापडी किंवा पातळ पत्र्याचा अडसर. दोन, शेपटीजवळ पारदर्शक तपासणीची खिडकी, म्हणजे प्रत्येक उड्डाणाआधी टॉर्च मारून पाहता येतं. आणि कामाआधी हत्यारं मोजायची, कामानंतर मोजायची; एक पाना कमी असेल तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलवायचं नाही. कलाबाजीला जाणाऱ्या प्रवाशाचे खिसे रिकामे करून घ्या, मोबाइलसकट.

कापड आणि लाकूड

अंग धातूचं असलं तरी एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांच्या फळ्या), एलिव्हेटर आणि रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फळीवर) कापड असतं. मूळ सुती कापडाच्या जागी पॉलिएस्टर लावा, टिकतं. इस्त्रीने ताणताना आधी १२० अंश, शेवटी फार तर १७५. त्यावर गेलं की कापड उलट सैल पडतं. इस्त्रीवरच्या खुणांवर विसंबू नका, थर्मामीटर लावून तपासा. पातळ मागच्या कडा ताणाने वाकतात, म्हणून दोन्ही बाजूंना आलटून पालटून ताण द्या. रंगाचा प्रत्येक थर बिजागरीच्या मागे वजन टाकतो. नवं कापड चढवल्यावर पृष्ठभागाचा समतोल पुन्हा मोजल्याशिवाय बसवू नका. बिजागरीमागे जड झालेला एलेरॉन वेगात फडफडू लागतो आणि ती फडफड काही सेकंदांत पंख मोडू शकते.

विमान उभं करून ठेवताना लाकडी प्रोपेलरची पाती आडवी ठेवा. एक पातं खाली राहिलं तर ओल त्याच्याकडे उतरते आणि तोल बिघडतो. दोन्ही टोकांची वाट एकमेकांशी ताडून पाहा: नाकासमोर जमिनीवर ठोकळा ठेवून एकेक टोक त्याच्याजवळ आणा, फरक ३ मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी हवा.

मग हौस

यानंतर जे उरेल ते करा. तीन पात्यांचा एमटी कंपनीचा प्रोपेलर चढाई सुधारतो आणि थरथर कमी करतो, पण महाग आहे. पंखांत जादा टाक्या लावणं समजण्यासारखं आहे, कारण मूळ टाक्या दोन्ही मिळून १२२ लिटरच्या आणि हे इंजिन ताशी साठ-सत्तर लिटर सहज पितं. ४०० अश्वशक्तीचं एम-१४पीएफ हवंसं वाटतं. पण तेव्हा प्रोपेलर, माउंट आणि तेल थंड करणं सगळ्याचा हिशेब नव्याने करावा लागतो, नुसती अदलाबदल नव्हे. जुनी रबरी होस मात्र न विचारता बदला. कित्येकांवर ऐंशीच्या दशकातल्या तारखा असतात.

प्रत्येक बदलानंतर वजन. समजा, गुरुत्वमध्याच्या ३ मीटर मागून ५ किलोची वस्तू काढली आणि विमानाचं वजन १,३०० किलो असेल, तर मध्य सुमारे साडेअकरा मिलिमीटर पुढे सरकतो. एकटा आकडा लहान. पण बॅटरी, रेडिओ, अडसर, टाक्या असे चार बदल दोन वर्षांत झाले की बेरीज कुठल्या कुठे जाते. मध्य मागे गेला तर स्पिनमधून (गिरक्या घेत कोसळण्यातून) बाहेर येणं अवघड होतं. कागदावर बेरीज करत राहू नका, चार-पाच बदलांनंतर विमान तीन वजनकाट्यांवर उभं करून मोजा.

पहिलं उड्डाण एकट्याने, लांब धावपट्टीवरून, आणीबाणीची बाटली ५० वर. चाकं लगेच वर घेऊ नका; एक पूर्ण चक्कर खाली ठेवूनच मारा आणि हवेचा काटा ५० कडे परत चढतोय का ते पाहा. चढत नसेल तर चाकं आहेत तशीच ठेवून उतरायचं, बाटलीत उरलेली हवा ब्रेकला लागेल.